विहिरीचे पाणी आणि त्याचा सामू



विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली की पाणी शुद्ध झाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक जंतूंचा नाश प्रामुख्याने करते ते पाण्यात तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल. त्याचा रेणू विद्युतभाररहित असल्याने जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. अल्कधर्मी पाण्यात मात्र हे आम्ल आपला हायड्रोजन आयन सोडून देते. मागे उरलेल्या ऋणभारित आयनाला जंतूचा ऋणभारित पृष्ठभाग दूर लोटतो. सामू सुमारे ७.५ असता निम्मे आम्ल शिल्लक राहते, ८.५ असता जेमतेम दहावा हिस्सा! पावडर तीच, मापही तेच. तक्रार मात्र पावडरीच्या दर्जाची होते. शाळेतील सामूदर्शक कागद येथे उपयोगी पडेल. सामू ८ च्या वर आढळल्यास अर्ध्या तासावर न थांबता अधिक वेळ द्यावा आणि अवशिष्ट क्लोरीन तपासल्यावरच पाणी भरू द्यावे.