धुराडं पाडलं, धूळ कुणाच्या छाताडात?



शिकागो आपल्याला परकं नाही. डिसेंबर १९६९मध्ये पोलिसांनी भल्या पहाटे घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला गोळ्या घातल्या, ते हे शहर. ब्लॅक पँथरचा पुढारी, वय २१. तीन वर्षांनी, १९७२ला, मुंबईतल्या आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते याच लढ्याकडं बघून. त्या शिकागोतल्या एका वस्तीबद्दल आज बोलायचंय.

लिटल व्हिलेज. मेक्सिकोकडून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. तिला खेटून क्रॉफर्डचं कोळशाचं वीजकेंद्र, १९२४ सालचं. शेवटी शेवटी वीज जायची बाजारात विकायला, धूर राहायचा वस्तीत. हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला होता : हे आणि जवळचं फिस्क, या दोन केंद्रांपायी वर्षाला ४१ माणसं अकाली मरतात. किम वॉसरमन नावाच्या बाईच्या तान्ह्या पोराला दम्याचा झटका आला. ती घरोघर फिरली, माणसं जोडली. दहा-बारा वर्षं वस्ती भांडली आणि २०१२ला दोन्ही केंद्रं बंद पाडली. साधी गोष्ट नाही ही!

पण खरी मेख पुढंच आहे. धुराडं थंड झालं, जमीन कुणाची? वस्तीला मोकळी जागा हवी होती, बिनधुराचा रोजगार हवा होता. जमीन घेतली हिल्को या बिल्डर कंपनीनं. तिथं दहा लाख चौरस फुटांचं गोदाम बांधायचं ठरलं, वर करात जवळपास दोन कोटी डॉलरची सूट. भांडवलदाराला सूट द्यायला सरकारची तिजोरी कधी रिकामी नसते!

११ एप्रिल २०२०. करोनाचा लॉकडाऊन. लोकांना सांगितलेलं, घरातच बसा. आणि सकाळी आठच्या सुमारास जवळजवळ ४०० फुटी धुराडं सुरुंग लावून उडवलं. धुळीचा लोट अख्ख्या वस्तीवर. माणसाची फुफ्फुसं खाणारा रोग दारात उभा, आणि वरून ही धूळ! धोका महापालिकेच्या अधिकाऱ्यांना आधीच ठाऊक होता, हे नंतर शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलच्या अहवालातून बाहेर आलं. महापालिकेनं दंड केला ६८ हजार डॉलर. करातली सूट आठवा आणि हा दंड बघा. वस्तीनं कोर्टात खेचलं तेव्हा कुठं २०२४मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलरवर तडजोड झाली.

२०२१ला तिथं टार्गेट कंपनीचं गोदाम उघडलं. कोळशाचा धूर गेला, ट्रकांच्या डिझेलचा आला. वस्ती तीच.

आता आपल्याकडं या. कोराडीत जुने छोटे संच गेले, काय आलं? ६६० मेगावॅटचे तीन संच, तेही कोळशाचेच. परळी, भुसावळला जुने संच मोडीत निघाले. भंगाराचा लिलाव होतो, त्याची जाहिरात येते. कुंपणाबाहेरच्या वस्तीला मात्र कुणी काही विचारत नाही. राखेच्या पाटीखाली ज्यांच्या बापाची मान मोडली, त्यांना जमिनीच्या कागदावर जागा नाही.

तेव्हा अशा गावांतल्या पोरांनो, पाडकामाचं टेंडर निघायच्या आत वस्तीची सभा लावा. साहेबाला बोलवा. पाणी किती आणि कोण मारणार, ॲस्बेस्टॉस कोण काढणार, राख कुठं टाकणार, जमिनीवर काय उभं राहणार आणि त्यात कायम नोकरी कुणाला? तोंडी उत्तर घेऊ नका. सहीशिक्क्यानिशी लेखी घ्या, आणि त्याची एक प्रत वस्तीच्या बुद्धविहारात लावा.

जयभीम.