दाव्याचा कागद

म्हैसूरला माझे एक मामा राहतात. घराणे मूळचे सातारकडचे. परंतु तीन पिढ्यांच्या वास्तव्याने त्यांच्या मराठीला कानडीचा गोड हेल आला आहे. जन्मभर शिक्षकी केलेला हा मनुष्य. कुणापुढे हात पसरणे त्यांना ठाऊक नाही. मध्यंतरी त्यांच्या हृदयावर उपचार करावे लागले. सात वर्षे न चुकता हप्ते भरून चालू ठेवलेला आरोग्यविमा होता. पण कंपनीचे दोन ओळींचे उत्तर आले : रक्तदाबाचा पूर्वीचा विकार आपण लपवला, सबब दावा नामंजूर. मामांनी तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला आणि मला म्हणाले, "जाऊ दे रे. ह्या वयात भांडण कशाला? लोक म्हणतील, मास्तर पैशासाठी खोटे बोलले."

पैसा गेला होताच; आता नावही जात होते.

माझे आयुष्य सरकारी फायलींत गेले आहे. नकाराची पत्रे कशी लिहिली जातात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. पुष्कळदा सगळे कागद न वाचताच तसे पत्र जाते, आणि अर्जदार परत आला नाही म्हणजे तेच अखेरचे ठरते. म्हणून मी मामांना म्हटले, "मामा, तुम्ही दान मागत नाही. हप्ता घेऊन कंपनीने वचन दिले आहे. ते पाळण्याची आठवण तुम्ही करून देत आहात."

आपल्या देशात 'मेडिक्लेम' १९८६ साली आला. नियमही पुढे बदलत गेले. ते विमेदाराला माहीत नसतात, एवढेच. दावा नाकारताना कंपनीने करारातील नेमक्या कलमाचा आधार लेखी दिला पाहिजे. २०२४ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षे सलग विमा चालू राहिला, की माहिती दडवल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. मामांची तर सात वर्षे झाली होती!

आम्ही कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात रागाचा शब्द नव्हता. पॉलिसीचा व दाव्याचा क्रमांक, तारखा, नूतनीकरणाच्या सात पावत्या आणि एक प्रश्न : कोणत्या कलमान्वये? महिना उलटला, उत्तर नाही. मग बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे तक्रार केली. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. मात्र कंपनीकडे आधी लेखी दाद मागितलेली असावी आणि नकारानंतर वर्षाच्या आत यावे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; तो न पटल्यास विमेदाराला ग्राहक आयोगाचे दार उघडेच राहते.

न्यायालयेही ह्याबाबतीत उदासीन नाहीत. अमेरिकेस गेलेल्या एका प्रवाशाला विमानतळावर उतरताच हृदयविकाराचा त्रास झाला. मधुमेह त्याने आधीच सांगितला होता, तरी कंपनीने पूर्वीच्या विकारांचे कारण दाखवून दावा नाकारला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला. प्रकृतीचा अंदाज घेऊन विमा दिल्यावर कंपनीला त्याच कारणाने मागे फिरता येत नाही, असा त्याचा आशय.

अर्थात हा न्याय दुधारी आहे. आपणही प्रस्तावाच्या अर्जात आजार प्रामाणिकपणे लिहिले पाहिजेत. एजंट "हे लिहू नका" म्हणाला, तरी सही आपली असते.

मामांच्या प्रकरणात सुनावणीची वेळच आली नाही. तक्रारीची नोटीस पोहोचल्यावर कंपनीने फाईल पुन्हा उघडली आणि दावा मंजूर केला. मी फोनवर ही वार्ता दिली, तेव्हा रकमेचा आकडा त्यांनी विचारलाच नाही. ते म्हणाले, "मी लपवले असे जे लिहिले होते, ते त्यांनी मागे घेतले का रे?"

घेतले होते. तो कागद आता त्यांच्या ट्रंकेत सर्वांत वर आहे. आपल्याही कपाटात अशी एखादी न वाचलेली पॉलिसी असेल. आजारपण येण्याआधी, एखाद्या निवांत संध्याकाळी, ती एकदा वाचून ठेवावी.