कर्तव्य कुणाचं, नियम कुणासाठी?



'कर्तव्य' म्हटलं की आपलं डोकं भडकतं. साहजिक आहे. हा शब्द पिढ्यान् पिढ्या आपल्यालाच पाजला गेला. ढोर ओढणं तुझं कर्तव्य. गाव झाडणं तुझं कर्तव्य. मनूनं तर गुन्हा एकच ठेवला आणि शिक्षा वर्ण बघून वाटली. माणूस बघून माप बदलणाऱ्या त्या पोथीला 25 डिसेंबर 1927 रोजी महाडात काडी लावली गेली.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं 1785 मध्ये कर्तव्याची वेगळी कसोटी मांडली. तू ज्या नियमानं वागतोस तो सगळ्यांचा कायदा झाला तर चालेल का? आणि माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नकोस.

लावा ही कसोटी आपल्या जिल्ह्याला. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा. फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे हवेत, हे 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं होतंच. तरी मेलेल्यालाच 'काळजी घेतली नाही' म्हणणारे निघाले!

मजुराला उघड्या तोंडानं विष फवारायला लावायचं, हा नियम मालक, विक्रेता, साहेब स्वतःच्या पोट्ट्याला लावतील? नाही ना? मग तो मजूर त्यांच्या लेखी पंपाचाच एक भाग होता.

पण कांटलाही देव करू नका. 1797 मध्ये त्यानंच घरगडी आणि समस्त बायका मताच्या हक्काबाहेर ठेवल्या. दुसऱ्याच्या भाकरीवर जगणारा पूर्ण नागरिक नाही म्हणे! त्या यादीत हातोडा-ऐरण घेऊन घरोघर काम करणारा हिंदुस्थानातला लोहारही आहे. सर्वांचा नियम सांगणाऱ्यानं 'सर्व' मोजताना मजूर वगळला.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला. नियम ठरीव काम सांगतो, डोकं गहाण टाकून ते पाळता येतं. तत्त्व विचार करायला लावतं, म्हणून जबाबदारीही अंगावर टाकते. त्याच बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानानं मालकाला एक मत दिलं आणि मजुरालाही एकच. कांटनं गाळलेला माणूस इथं मोजला गेला.

मत मिळालं. हातमोजे मिळाले का? तुम्ही शहरात राहता, अंगात कॉटनचा शर्ट आहे. पुढच्या फवारणीआधी गावात जा. मास्क, चष्मा, हातमोजे कोण देतो, पैसा कुणाचा, विषबाधा झाली तर दवाखान्यात कोण नेणार, हे मजुरांसोबत उभं राहून विचारा. उत्तर लिहून घ्या.

कर्तव्य म्हणाल तर आज आपलं हे आहे.

जयभीम!