टाकणे आणि देणे



महाराष्ट्रात घरोघरी गणपती बसलेले असतात, त्याच दिवसांत, भाद्रपद शुद्ध षष्ठीला, वाराणसीच्या लोलार्ककुंडावर अपार गर्दी लोटते. अपत्यप्राप्तीच्या इच्छेने आलेली दांपत्ये तेथे स्नान करतात आणि अंगावरची ओली वस्त्रे तेथेच सोडून जातात. ती वस्त्रे पुढे कोण नेसेल, याचा विचार त्यात नसतो. हा त्याग आहे. त्याला दान म्हणावे, असा त्या दांपत्यांचाही आग्रह नसतो.

आग्रह असतो तो कपाट रिकामे करणाऱ्यांचा. दिवाळीपूर्वी फाटक्या विजारी, गळा सैल झालेले टी-शर्ट आणि जोडी हरवलेले मोजे एका पिशवीत कोंबले जातात आणि त्या पिशवीला वस्त्रदान हे भारदस्त नाव मिळते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या अशाच निरुपयोगी कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ते निवडून मार्गी लावण्याच्या कामी दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था पुढे आली. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती स्थापन केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. गावकरी आपल्या गरजेचे काम स्वतः ठरवतात, विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याचा हात खाली राहत नाही. जुन्या सुती कापडापासून ही संस्था मासिक पाळीसाठी स्वच्छ घड्याही तयार करते.

परंतु दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे कापड मुळात आपल्या घरात आले पाहिजे. याचे उत्तर शोधण्यासाठी पुन्हा वाराणसीलाच, मदनपुऱ्यातील विणकरांकडे जावे लागते. मराठी लग्नघरातील शालू येतो तो याच नगरीतून. कढुआ पद्धतीच्या विणकामात प्रत्येक बुट्टा स्वतंत्रपणे विणला जातो, म्हणून वस्त्राच्या मागच्या बाजूस लोंबते धागे राहत नाहीत. काम अतिशय संथ. पण शाळेने साठी गाठली तरी तिच्या आरंभकाळी घेतलेला असा शालू अजून एखाद्या ट्रंकेत मऊ मलमलीत गुंडाळलेला सापडावा. आजीच्या अंगावरून तो सुनेकडे जातो, विरला की नातीचे परकर-पोलके होतो, उरल्या तुकड्यांतून तान्ह्या बाळाची कुंची निघते. जर खरी असेल, तर शेवटी ती जाळून चांदीही परत मिळते. बनारसी वस्त्रांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रमागावरील स्वस्त नकलेमुळे हातमागाच्या विणकराची ओढाताण मात्र थांबलेली नाही.

शालू रोज नेसायचा नसतो, हे खरेच. पण साध्या सुती लुगड्याचीही गोधडी होत असे. दारावर येणारी बोहारीण कापड उजेडात धरून पाही आणि भांडे द्यायचे की नाही ते ठरवी. तिच्याइतकी चोख पारख आज भल्याभल्या दुकानदारांकडे नाही. आजच्या तरुणांनी भ्रमणध्वनीवर बोट फिरवून मागवलेला, चार धुण्यांत विटणारा पॉलिएस्टरचा सदरा तिने खचित परत केला असता. तो धड पाणी शोषत नाही, त्यामुळे फरशी पुसायलाही निरुपयोगी. आणि त्यात सूत मिसळलेले असेल, तर दोन्ही तंतू वेगळे करणे फार कठीण. असे वस्त्र कोणास देणार? दानाचा निर्णय बहुतांशी खरेदीच्या वेळीच होऊन गेलेला असतो.

शाळेत आरंभ करायचा, तर गणवेशापासून करणे सोपे. पाचवीतला सदरा सातवीत अंगाला येत नाही. तो धुऊन, उसवलेली शिवण घालून, बटणे लावून, कॉलरच्या आत माप लिहून जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी येथे पोहोचावा. बटणे लावण्याचे काम मुलांनी स्वतः करावे, आईवर सोपवू नये.