वरिष्ठाने माणूस ओळखावा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकास ‘हाताखालच्या माणसांकडून काम कसे घ्यावे’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. आपले अनेक तरुण आज मुंबई-पुण्यास अधिकारपदी आहेत. त्यांना चार शब्द उपयोगी पडावेत, एवढीच आमची इच्छा.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक असताना एक अबोल सहशिक्षक आमच्या हाताखाली होते. त्यांचा वर्ग उत्तम चाले. उत्तेजन द्यावे म्हणून आम्ही त्यांना स्नेहसंमेलनाचे प्रमुख नेमले व सर्वांसमक्ष त्यांची स्तुती केली. बिचारे संकोचाने अर्धे झाले. पुढे कामात चुका होऊ लागल्या, तेव्हा सर्वांसमक्षच आम्ही त्यांना बोल लावला. वर्षअखेरीस त्यांनी बदली मागून घेतली. जे आम्हाला प्रिय तेच त्यांनाही प्रिय असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. एक चांगला शिक्षक शाळेने गमावला, तो आमच्यामुळे.

हा भेद विद्वानांनी पूर्वीच दाखविला आहे. युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख व बहिर्मुख अशा वृत्तींचे विवेचन केले. मॅस्लो यांनी १९४३ साली माणसाच्या गरजा पायरीपायरीने मांडल्या: अन्न, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शेवटी अंगच्या गुणांचे सार्थक. हर्झबर्ग यांनी १९५९ साली असे प्रतिपादिले की, पगार व सोयी नीट असल्या म्हणजे कुरकुर थांबते. परंतु कामाची गोडी लागते ती जबाबदारीने, यशाने व कामाची कदर झाल्याने.

आपल्या मालवण किनाऱ्यावरील रापण पाहा. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर पाचपन्नास माणसे किनाऱ्यावरून ओढतात. पाण्याचा रंग पाहून थवा ओळखणारा निराळा, होडी हाकणारा निराळा, दोराला खांदा देणारा निराळा. थवा ओळखणाऱ्यास कोणी उगाच दोराला जुंपीत नाही. मिळकतीत प्रत्येकाचा वाटा असतो. म्हणून जाळे कोणालाच परके वाटत नाही. यांत्रिक नौकांच्या माऱ्यापुढे रापण आज क्षीण झाली आहे. तथापि तिची शिकवण क्षीण झालेली नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. अलीकडे प्रश्नावली भरून घेऊन माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करतात. तोच मनुष्य काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा प्रकार बदललेला आढळतो! मॅस्लोच्या पायऱ्याही सर्वजण त्याच क्रमाने चढतात असे नाही. म्हणून ही शास्त्रे कंदिलाप्रमाणे वापरावी, शिक्क्याप्रमाणे नव्हे. माणसाला एकदा शिक्का मारला म्हणजे काय होते, हे आपल्या समाजाने पुरेसे पाहिले आहे.

तेव्हा तरुण अधिकाऱ्यांनो, हाताखालच्या प्रत्येकास एकांतात तीन प्रश्न विचारा: कोणते काम तुम्हास मनापासून आवडते? कशाने अडते? तुमच्या कामाची कदर कशी झालेली तुम्हास रुचेल? आम्ही हे तीन प्रश्न त्या सहशिक्षकांस कधीच विचारले नाहीत. आपण विचारावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.