शिकता शिकता शिकवणारे

या अधिवेशनाला जमलेल्या अध्यापक बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या, पत्रिकेवर ज्यांची नावे छापली जात नाहीत अशा तासिका तत्त्वावरील मित्रहो,

अध्यक्षाने गावाचा गौरव करून सुरुवात करावी, असा रिवाज आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे खुली केली, हे मंगळवेढेकरांना मी सांगायला नको. चोखोबांची आठवण मात्र काढतो. ते इथल्या गावकुसाच्या कामावर मजूर होते आणि त्याच भिंतीखाली गेले. कामाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ असतात, माणसाचा कोण ठेवतो, हा प्रश्न या गावात फार जुना आहे. आज तोच कॉलेजच्या संदर्भात विचारायचा आहे.

माझी नोकरी सुरू झाली ती रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. हे पद काय होते, ते आज तिशीत असलेल्यांना सांगावे लागेल. व्याख्यान सरांनी द्यायचे आणि प्रॅक्टिकलच्या बॅचा आम्ही सांभाळायच्या. ब्युरेट धुऊन घेतलीय का, पिपेट तोंडाने ओढताना ॲसिड घशात जात नाही ना, गुलाबी रंग आला की थांबतात की अजून चार थेंब सोडतात, हे पाहत टेबलांमधून हिंडायचे. जर्नल तपासायचे. शेजारच्या दोघांची रीडिंगे दशांशापर्यंत जुळली की काय ते आम्ही ओळखायचो, आणि मुलेही आम्ही ओळखलेय हे ओळखायची.

पण खरी शिकवणी टेबलापाशीच व्हायची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकावर येऊन आपटलेली असायची. पहिल्या वर्षाला आली तरी वर्गात हात वर करायची हिंमत नसायची. सरांना विचारले तर सगळ्यांसमोर हसे होईल ही भीती. ब्युरेटकडे बघत बघत, माझ्याकडे न पाहता, हळूच विचारायची : ‘‘सर, मोल म्हंजे नक्की काय वो?’’ मग खडू न घेता, त्यांच्याच बोलीत सांगायचे. त्या प्रश्नांनी मला एमएस्सीच्या पुस्तकांकडे परत पाठवले. शिकवणारा अजून शिकत असला की त्याला विद्यार्थी नेमका कुठे अडतो ते दिसते. आपली अडचण कालचीच असते.

ही व्यवस्था साहेबाच्या देशातून आयती आली असे कुणी समजू नये. तिच्या मुळाशी आपली दक्षिणा आहे. पेशवे श्रावणात पुण्यात विद्वानांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. लोकहितवादींच्या पिढीने त्यातला काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवायला लावला. पुढे विद्यापीठ आले, तेव्हा कॉलेजांमध्ये ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. त्यांनी आपला अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांना शिकवावे, असा तो करार होता. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. भांडारकर होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. त्याआधीच्या पिढीत केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत मदतनीस म्हणून राहिले आणि पुढे टिळकांचे गुरू झाले. मदतनिसाचे पद म्हणजे पुढच्या अध्यापकाची उमेदवारी, हे तेव्हाच्या लोकांना नीट कळले होते.

मग डेमॉन्स्ट्रेटर आणि ट्यूटर ही पदे नव्याने भरणे थांबत गेले. त्यांची जागा भरून काढायला आली ती तासिका. मला इथे स्पष्ट बोलू द्या. तासिका तत्त्व ही सहायक अध्यापकाची जागा नाहीच. सहायकाकडून थोडे काम घ्यायचे आणि त्याला शिकायला वेळ द्यायचा, अशी जुनी वाटणी होती. आताच्या वाटणीत काम पूर्ण अध्यापकाचे आहे आणि शिकण्याचा वेळ हिशेबात कुठेच नाही. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस तासावर मोजला जातो. पेपर तपासणे, सुपरव्हिजन, नॅकच्या फायली, एनएसएसचे शिबिर, यांना तास नसतो. दिवाळी आणि उन्हाळी सुटीला तर महिनाच नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे सांगितले. आपल्या कॉलेजांत हातात काय पडते ते इथल्या मागच्या रांगांना विचारा, मी आकडा सांगून त्यांना अवघडून टाकत नाही.

एक गोष्ट मात्र पैशाचीही नाही. एका कॉलेजात (नाव घेत नाही, तिथली माणसे चांगली आहेत) मी तासिकेवरची एक मुलगी व्हरांड्यातल्या बाकावर डबा खाताना पाहिली. स्टाफरूममध्ये जागा होती. तिला कुणी ‘बसू नको’ म्हटलेले नव्हते आणि ‘बस’ही म्हटलेले नव्हते. ती मॅडम तिसऱ्या वर्षाला भाषाविज्ञान शिकवत होती, आणि तिच्या तासाला वर्ग भरलेला असे.

आपला सोलापूर जिल्हा एकेकाळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. विद्यापीठ लहान असण्याचा एक फायदा असतो, एखादी गोष्ट करून बघता येते. मुंबईच्या आयआयटीत एम.टेक.ची मुले शिकता शिकता टीचिंग असिस्टंट म्हणून आठवड्याचे ठरावीक तास देतात, त्यांना विद्यावेतन मिळते. सगळे तसेच जमेल असे म्हणत नाही. आपल्या पदव्युत्तर विभागांत एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना पहिल्या वर्षाच्या बॅचा द्यायला, त्याचे मानधन आणि क्रेडिट द्यायला कोणता आभाळ कोसळणारा खर्च आहे?

मंचावर प्राचार्य बसले आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत. सरकारकडे जायचे तेव्हा जाऊच, पद भरतीचा ठराव आज संध्याकाळी मांडला जाईल आणि मी त्याच्या बाजूने हात वर करीन. पण काही गोष्टींना मंत्रालय लागत नाही. तासिकेवरच्या नेमणुका दिवाळीच्या तोंडावर करू नका, जूनमध्ये करा. त्यांना ग्रंथालयातून अध्यापकाइतकीच पुस्तके द्या. एक अनुभवी अध्यापक नेमून द्या, जो महिन्यातून एकदा त्यांच्या तासाला मागे बसेल आणि नंतर चहा पिता पिता बोलेल. वह्या तपासल्याचे पैसे द्या. आणि उद्या सकाळी स्टाफरूममध्ये त्यांना बसायला सांगा.