दया नको, सातबाऱ्यावर नाव हवे

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा बैठकीत आपण कापसाच्या भावावर बोलतो, ज्वारीच्या खरेदीवर बोलतो, विजेच्या बिलावर बोलतो. आज आम्ही एका वेगळ्या विषयासाठी वेळ मागून घेतला आहे. विषय आहे आपल्या घरातल्या, आपल्या गावातल्या अपंग माणसांचा. काहींच्या मनात येईल, हे तर समाजकल्याण खात्याचे काम, शेतकऱ्यांच्या चळवळीचा त्यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो तीन पदरी आहे.

पहिला पदर असा की आपला धंदाच माणसांना अपंग करतो. मळणी यंत्रात हात जातो. कडबा कुट्टीत बोटे जातात. विहिरीच्या सुरुंगाने डोळे जातात. झाडावरून, माळ्यावरून पडून कंबर मोडते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले, हे आपण विसरलेलो नाही. बियाणे, खत, औषध, मजुरी यांचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो. पण तुटलेल्या हाताचा, गेलेल्या डोळ्याचा खर्च कोणत्याच उत्पादन खर्चात धरला जात नाही. तो घरातली बाई निमूट सोसते.

दुसरा पदर संख्येचा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजार होती. म्हणजे शंभरामागे अडीचाहून जास्त. दोन हजार वस्तीच्या गावात या हिशेबाने पन्नास माणसे निघतात. आपापले गाव डोळ्यांपुढे आणा आणि मोजा. दहा-बारा नावे आठवतील आणि गाडी थांबेल. उरलेली माणसे कुठे गेली? ती आतल्या खोलीत आहेत, गोठ्याच्या पडवीत आहेत, पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर पाठवली जात आहेत.

तिसरा पदर आपल्या घोषणेचा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असे म्हणत आपण रस्त्यावर उतरलो. सरकार कर्जमाफीचा तुकडा टाकते आणि भाव पाडते, याचा आपल्याला संताप येतो. आता हीच घोषणा अपंग भावाच्या तोंडी घालून पाहा. त्याला आपण काय देतो? भाकरी देतो, सणाला कापड देतो, आणि वर ‘आम्ही सांभाळतो’ असे चार माणसांत सांगतो. पण तो रिकामा बसून खातो का? पाय अधू असलेला माणूस ओसरीवर बसून कापसातली कवडी निवडतो. ज्याला ऐकू येत नाही तो गुरे राखतो. ज्याला आपण अर्धवट म्हणतो, तो भर हुरड्यात ज्वारीची पाखरे हाकतो, रात्री जागलीला जातो. त्याचा घाम घरच्या हिशेबात कुठे लिहिला आहे? सरकारने आपल्या घामाचे जे केले, तेच आपण आपल्या घरात करत आहोत.

सगळ्यात मोठा घाला पडतो तो बाप गेल्यावर. वारस नोंदीची वेळ येते. धाकटा आंधळा आहे, त्याला शेत काय कळते? बहीण लुळी आहे, तिचे लग्न थोडेच होणार आहे? मग एक तर नाव वगळले जाते, नाही तर हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला जातो. राबायला ज्याचा हात चालतो, त्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर चालत नाही, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की कोणताही रोग, व्यंग किंवा विद्रूपता या कारणाने कुणालाही वारसा नाकारता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १३ सांगते की अपंगाला इतरांइतकाच मालमत्ता बाळगण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा हक्क आहे. म्हणजे नाव वगळणे ही घरगुती सोय नव्हे, ती हक्काची चोरी आहे. ज्या चळवळीने लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली, त्या चळवळीच्या घरांत भावाचे आणि बहिणीचे नाव गाळले जात असेल, तर ती हाक अर्धीच राहिली.

जमीन नावावर आली की काय बदलते? पीक कर्ज, पीक विमा, नुकसानीची मदत, सगळे सातबाऱ्याच्या मागे येते. आणि त्याहून मोठे म्हणजे घरातले त्याचे बोलणे बदलते. जमिनीत वाटा असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय जमीन विकता येत नाही.

ज्या आईबापांचे मूल मतिमंद आहे किंवा मेंदूच्या पक्षाघाताचे आहे, त्यांच्या काळजात एकच प्रश्न असतो: आपल्या माघारी याचे कोण करील? त्यांनी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची माहिती घ्यावी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्यात आहे. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीत असतात, तिच्याकडे अर्ज करायचा. या पालकाला मालमत्तेचा हिशेब समितीला द्यावा लागतो. डोळे मिटण्याआधी हे करून ठेवलेले बरे.

दुसरा कागद दाखल्याचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस त्यात आहे, ॲसिडने भाजलेला आहे, आणि आपल्या विदर्भात ज्याने कित्येक घरे पोखरली तो सिकलसेलचा रुग्णही आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा, जमीन आणि घरकुल वाटपातला ५ टक्के वाटा, एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत, हे सारे लागू होते. जमीन वाटपात अपंग स्त्रीला आधी धरा, असेही कायदा म्हणतो. पण दाखल्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात जावे लागते. ज्याला चालता येत नाही त्याने दोन गाड्या बदलून जायचे, दिवसभर रांगेत बसायचे, आणि ‘पुढच्या बुधवारी या’ ऐकून परत यायचे. दाखला नाही म्हणून योजना नाही, आणि गाडीभाडे नाही म्हणून दाखला नाही.

तिसरा कागद ग्रामपंचायतीच्या खर्चाचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. किती ग्रामपंचायतींत हा खर्च कुणी विचारला? घरपट्टी आपण भरतो, पाणीपट्टी आपण भरतो, तर हिशेब विचारणे हाही आपलाच हक्क आहे.

आता सरकारने ‘अपंग’ शब्द काढून ‘दिव्यांग’ शब्द आणला. शब्द चांगला की वाईट या वादात आम्ही पडत नाही. राज्यात २०२२ मध्ये वेगळे दिव्यांग कल्याण खातेही झाले, ते बरेच झाले. पण पाटी बदलल्याने सातबारा बदलत नाही. शब्दाचेच म्हणाल तर सुरुवात आपल्या जिभेपासून करू. गावात माणसाला लंगड्या, बहिऱ्या, आंधळी म्हणून हाक मारतात आणि त्याचे पाळण्यातले नाव त्याच्या आईलाच तेवढे माहीत असते. चारचौघांत मुद्दाम असा अपमान करणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याची भीती सोडा. ज्याला गाव नावाने हाक मारत नाही, त्याचे नाव गाव कागदावर तरी कशाला लिहील?

कुणी म्हणेल, हक्क दिले तरी यांच्या हातून होणार काय? त्यांनी वरोऱ्याला जाऊन यावे. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले. समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांनी तिथे खडकाळ रानात विहिरी खणल्या आणि शेती उभी केली. बोटे झडलेल्या हातांनी पिकवलेली ती जमीन आपल्याच विदर्भात आहे.

आणि जयपूर पायाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. विलायती पायाला बूट लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, चिखलात चालता येत नसे. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा असा पाय बनवला की माणूस अनवाणी रानात जाऊ शकतो, मांडी घालून जेवायला बसू शकतो. ज्याचा पाय गेला त्याला कसे जगायचे आहे, ते त्यांनी आधी पाहिले. आपणही तेवढेच करायचे आहे. परस्पर ठरवायचे नाही, आधी विचारायचे.

तेव्हा प्रत्येक गावशाखेने या हंगामात पाच कामे अंगावर घ्यावीत.

एक. घरोघर जाऊन अपंग माणसांची नावानिशी यादी करा. यादी करणाऱ्यांत गावातला एक अपंग माणूस आणि एक बाई असलीच पाहिजे, म्हणजे आतल्या खोलीचे दार उघडेल.

दोन. दाखल्यासाठी सगळ्यांना मिळून एका गाडीने न्या. डिझेल शाखेने घालावे. कापूस बाजारात न्यायला गाडी मिळते, माणसे न्यायलाही मिळेल.

तीन. शाखेच्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरचा सातबारा काढून तपासावा. नाव गाळलेले असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यावा. पदाधिकाऱ्यांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.

चार. येत्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब मागा. आणि ग्रामसभा देवळाच्या उंच ओट्यावर नको, जिथे कुबडीवाला माणूस पोचेल अशा जागी भरवा.

पाच. नवे अपंग होऊ देऊ नका. मळणी यंत्राचा पेंढ्या आत सारायचा पत्रा तीन फूट लांब आणि त्याचा निम्मा भाग वरून झाकलेला असला पाहिजे. आखूड, उघड्या तोंडाचे यंत्र खळ्यावर येऊ देऊ नका. अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन हात, दोन पाय किंवा दोन डोळे गेल्यास २ लाख आणि एक गेल्यास १ लाख रुपये आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच द्या. भूमिहीन मजुराला मात्र ही योजना नाही. आपल्याच रानात, आपल्याच यंत्रावर त्याचा हात जातो. त्यालाही हे संरक्षण मिळावे, ही मागणी आपण कापसाच्या भावाच्या मागणीबरोबर एकाच कागदावर लिहू.

भावांनो, मायबहिणींनो, सरकारपुढे ताठ मानेने उभे राहायचे तर घरचा हिशेब चोख हवा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने दोन आकडे आणावेत: किती जणांचे दाखले काढले, आणि किती जणांची नावे सातबाऱ्यावर चढली. आणि ते आकडे सांगायला, ज्यांची नावे चढली त्यांच्यातल्याच कुणाला तरी या व्यासपीठावर घेऊन यावे.